एसएसडीला हीटसिंक घेताना: गोव्यातून नेहमी येणारे प्रश्न

जत्रेतल्या नाटकांचं आणि लग्नांचं शूटिंग एडिट करणारे, गेम खेळणारी मुलं आणि त्या मुलांना मशीन घेऊन देणारे आईबाप, बहुतेक प्रश्न यांच्याकडूनच येतात. म्हापसा असो की मडगाव, फोंडा असो की डिचोली, प्रश्न तेच. एसएसडी म्हणजे चिप्समध्ये डेटा साठवणारी ड्राइव्ह, आणि हीटसिंक म्हणजे तिची उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा तुकडा. उत्तरं मुख्यतः एम.२ स्लॉटमध्ये (मदरबोर्डवरच्या चपट्या खाचेत) बसणाऱ्या एसएसडीबद्दल आहेत.

माझ्या एसएसडीला हीटसिंक लागतोच का?

आधी तुमची एसएसडी कुठल्या प्रकारची आहे ते बघा. अडीच इंची साटा (जुन्या, संथ जोडणीची) एसएसडी असेल तर विषय संपला, तिला काही लागत नाही. एम.२ आकाराची पण साटावर चालणारी असली तरी तेच. तिचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो, तापण्याइतकं काम ती करतच नाही.

एनव्हीएमई (नवी, वेगवान जोडणी) असेल तर पिढी, म्हणजे ‘जेन’, बघा. जेन ३ ड्राइव्ह सेकंदाला साधारण ३,५०० एमबीपर्यंत जाते. टॅली, एक्सेल, ब्राउझर एवढंच काम असेल तर ती उघडी ठेवली तरी चालते. जेन ४ ड्राइव्ह ७,००० च्या आसपास जाते, तिला हीटसिंक लावावा, पण साधा पुरतो. जेन ५ म्हणजे १०,००० ते १४,००० चा मामला. २०२३ मध्ये बाजारात आलेल्या सुरुवातीच्या जेन ५ ड्राइव्ह पूर्ण भारावर १० वॅटच्या वर वीज घेतात, आणि ती सगळी बोटाएवढ्या पट्टीवर उष्णता होऊन बाहेर पडते. अशी ड्राइव्ह हीटसिंकशिवाय चालू करू नका. नंतरचे काही कंट्रोलर (ड्राइव्हचं काम चालवणारी मुख्य चिप) कमी वीज खातात, तरी नियम तोच धरा.

तापमान बघायचं कुठे? किती झालं की काळजी करायची?

विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा एचडब्ल्यूइन्फो टाका, दोन्ही फुकट आहेत. लिनक्सवर स्मार्टसीटीएल आहेच. मशीन नुसतं चालू असताना ४० ते ५० अंश, मोठं काम चालू असताना ६० ते ७० ही आपल्याकडे सर्वसाधारण स्थिती. बहुतेक ड्राइव्ह ७० ते ८५ च्या दरम्यान कुठेतरी स्वतःहून वेग कमी करतात. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो.

आत्ताच्या तापमानापेक्षा मला जास्त उपयोगी वाटते ती स्मार्टसीटीएलच्या अहवालात खाली येणारी एक ओळ: ‘वॉर्निंग कंपोझिट टेंपरेचर टाइम’. आजवर ड्राइव्हने इशाऱ्याच्या पातळीवर किती मिनिटं काढली ते तिथे दिसतं. दीड-दोन वर्षं वापरलेल्या ड्राइव्हवर तिथे शून्य असेल तर हीटसिंकसाठी एक रुपयाही खर्च करू नका. त्याच पैशांत कॅबिनेटचा पुढचा पंखा बदला.

मोठी फाइल कॉपी करताना वेग मध्येच पडतो. गरम झाल्यामुळेच ना?

कदाचित, पण निम्म्या वेळा दोष दुसऱ्याच गोष्टीचा असतो आणि हीटसिंक घेऊन लोक फसतात. आजच्या घरगुती एसएसडीत एका पेशीत तीन किंवा चार बिट साठवतात आणि असं लिहिणं मुळात संथ असतं. म्हणून ड्राइव्ह आपल्या मोकळ्या जागेचा एक भाग तात्पुरता जलद साठा म्हणून वापरते, तिथे एका पेशीत एकच बिट लिहिते. हा साठा भरला की खरा वेग उघडा पडतो. चार बिटवाल्या स्वस्त ड्राइव्हमध्ये तो कधीकधी जुन्या हार्डडिस्कइतका खाली येतो. त्याला कुठलाही हीटसिंक काही करू शकत नाही.

दोन्हींतला फरक घरीच कळतो. १५०-२०० जीबीचा एक फोल्डर कॉपी करायला लावा आणि वेग किती जीबीला पडला ते टिपून ठेवा. कॉपी पुसा आणि ड्राइव्हला अर्धा तास विश्रांती द्या. मग कॅबिनेटची बाजू उघडा, टेबलफॅन थेट मदरबोर्डवर धरा आणि तोच फोल्डर पुन्हा कॉपी करा. वेग पुन्हा त्याच जीबीला पडला तर साठा भरतोय. पडण्याचा क्षण पुढे सरकला किंवा वेग पडलाच नाही, तर उष्णता. साठा मोकळ्या जागेतून येत असल्यामुळे ड्राइव्ह ८०-९० टक्के भरलेली असेल तर तोही आटतो, हे एडिटिंगवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावं. चार कॅमेऱ्यांचं अख्ख्या नाटकाचं फुटेज उतरवताना जे अडतं ते बऱ्याचदा इथे अडतं.

फार गरम झाली तर ड्राइव्ह जळेल? डेटा जाईल?

जळत नाही. आधी वेग कमी करते, तरीही भागलं नाही तर स्वतःला बंद करून घेते. खरं तापतो तो कंट्रोलर. डेटा ज्यात असतो त्या फ्लॅश चिप्सना काम करताना थोडी ऊब चालते, म्हणून ड्राइव्ह ३५ अंशांवर आणायचा हट्ट धरण्यात काही मिळकत नाही.

डेटाची काळजी असेल तर ती बंद पडून राहिलेल्या ड्राइव्हची करा. घरगुती एसएसडीसाठी जेडेकचा (चिप-उद्योगाचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचा) जो निकष आहे तो असा: लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपल्यावर, वीज नसताना, ३० अंशांवर एक वर्ष डेटा टिकला पाहिजे. आपल्याकडे बंद कपाटात ३० अंश बाराही महिने असतात म्हटलं तरी चालेल. भरपूर वापरलेली जुनी एसएसडी बॅकअप म्हणून कपाटात टाकून विसरू नका.

गोव्यात एवढं उकडतं, म्हणजे मोठाच हीटसिंक हवा?

उकडतं आपल्याला, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. हीटसिंकला घाम येत नाही, त्यामुळे आर्द्रतेशी त्याचं देणंघेणं नाही. त्याला फक्त हवेचं तापमान कळतं, आणि ते आपल्याकडे नागपूर-चंद्रपूरसारखं ४५ ला जात नाही. पणजीत मे महिन्यातही पारा ३३-३४ च्या आसपास असतो.

हीटसिंक हवेपेक्षा ड्राइव्हला थंड करू शकत नाही. ड्राइव्ह हवेच्या किती अंश वर राहील, एवढंच तो ठरवतो. आणि हवा म्हणजे कॅबिनेटच्या आतली हवा. खोलीत ३२, कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डामुळे ४२, त्यावर ड्राइव्हचे ३०, झाले ७२. यात हीटसिंक मोठा करून तुम्ही त्या ३० मधले चार-पाच कमी कराल. मशीन टीव्ही युनिटच्या कप्प्यातून बाहेर काढलंत तर त्याहून जास्त कमी होतील. पावसात ओल लागू नये म्हणून चालू मशीनवर प्लास्टिकचं कव्हर ठेवणारेही आहेत. ते आधी काढा.

आकाराचा उपयोग दोन ठिकाणी होतो. एक, वजन. ३० ग्रॅम ॲल्युमिनियम एक अंश तापायला साधारण २७ जूल लागतात. ६ वॅट सतत येत असतील तर ४० अंश चढायला, बाहेर काहीच जात नाही असं धरलं तरी, तीन मिनिटं जातात. नुसती आठेक ग्रॅमची ड्राइव्ह तेवढी पाऊण-एक मिनिटात तापते. गेम उघडणं, विंडोज अपडेट, हजारेक फोटो कॉपी करणं ही कामं त्या तीन मिनिटांत आटपतात, म्हणून साधी पट्टीसुद्धा त्यांना पुरते. दुसरं, पाती, म्हणजे हीटसिंकवरच्या पातळ उभ्या पट्ट्या. काम अर्धा-अर्धा तास चालत असेल तर वजनाचा फायदा संपतो आणि हवेला उष्णता देणारं क्षेत्रफळ कामाला येतं. एडिटिंगसाठी पाती असलेला घ्या, बाकीच्यांना सपाट पट्टी पुरे.

पात्यांची दिशा महत्त्वाची असते का?

थोडी. उभ्या कॅबिनेटमध्ये ड्राइव्ह बहुधा आडवी बसते. पुढे पंखा असेल तर लांबीच्या दिशेने जाणारी पाती बरी, हवा त्यांच्यातून सरळ निघून जाते. पुढे पंखाच नसेल तर गरम हवा आपोआप वर चढते, तेव्हा ड्राइव्हच्या रुंदीच्या दिशेने खाचा असलेला हीटसिंक चांगला. एवढ्यासाठी दुकानं पालथी घालू नका, समोर दोन पर्याय असतील तर निवडायला उपयोगी.

ॲल्युमिनियम की तांबं?

तांब्याची वाहकता ॲल्युमिनियमच्या पावणेदोन-दोनपट असते, हे खरं. पण इतक्या लहान तुकड्यात उष्णता धातूतून पसरायला अडत नाही. अडते ती धातूतून हवेत जाताना, आणि तिथे दोन्ही धातू सारखेच. ॲल्युमिनियम घ्या. अगदी पातळ, लॅपटॉपसाठीची पट्टी असेल तर तांबं ठीक.

आमचं घर समुद्रापासून जवळ आहे. गंज चढेल?

कळंगुट, मोरजी, कोलवा, वास्को अशा पट्ट्यात राहणाऱ्यांनी हा प्रश्न विचारायलाच हवा. खारी हवा उघड्या धातूला सोडत नाही. ॲनोडाइझ केलेला ॲल्युमिनियम हीटसिंक (वर संरक्षक थर चढवलेला, तो काळा, राखाडी किंवा रंगीत मॅट दिसतो) वर्षानुवर्षं टिकतो. कच्चा, चकचकीत ॲल्युमिनियम काही काळाने पांढरट पावडर धरतो. निकेलचा मुलामा नसलेलं तांबं काळं-हिरवं पडतं. त्याने थंडावा फारसा कमी होत नाही, पण ती पावडर बोर्डावर पडू देऊ नये.

खरं डोकं खातात ते स्क्रू. एम.२ चा स्क्रू दोन मिलिमीटरचा, डोकं तांदळाच्या दाण्याएवढं. स्वस्त संचात साधे लोखंडी स्क्रू येतात. दोन पावसाळ्यांनंतर त्यांच्या डोक्याची फुली गंजून भरते, स्क्रूड्रायव्हर आत बसत नाही आणि जोर लावला की फुली गोल होते. मग तो स्क्रू काढायला मदरबोर्डच बाहेर घ्यावा लागतो. हीटसिंक घेताना स्टेनलेस स्टीलचे दोन-चार स्क्रू वेगळे घेऊन ठेवा, किंमत नगण्य आहे. रबरी पट्ट्यांनी बांधायचा हीटसिंक टाळा, साधं रबर आपल्या हवेत चिकट होतं नाहीतर तडकतं. सिलिकॉनच्या कड्या त्या मानाने टिकतात.

डिचोली-साखळीकडच्यांना मिठापेक्षा लाल धुळीचा ताप जास्त. दाट पात्यांत ओलसर धूळ बसली की ती फुंकरीने निघत नाही. तिथे विरळ पात्यांचा हीटसिंक घ्या आणि चवथीच्या साफसफाईत मशीनही उघडून ब्रशने झाडा.

छोटा पंखा बसवलेला हीटसिंक घेऊ का?

माझं मत: नको. दोन-तीन सेंटिमीटरचा पंखा किणकिणतो, धूळ ओढतो आणि खाऱ्या हवेत त्याचं बेअरिंग लवकर जातं. थांबला की पंख्याचा सांगाडा उलट हवा अडवतो. जेन ५ ड्राइव्हवर रात्रंदिवस काम असेल तर अपवाद, आणि तिथेही आधी उष्णतानळी (हीट पाइप) असलेला मोठा बिनपंख्याचा हीटसिंक बसतो का ते बघा.

थर्मल पॅड कसा निवडायचा?

धातूवर होते तितकी चर्चा पॅडवर व्हायला हवी, कारण चांगल्या हीटसिंकचं वाटोळं इथेच होतं. पॅडचं काम चिप आणि धातू यांच्यातली फट भरणं. फट राहिली तर वरचा धातू नुसती शोभा.

जाहिरातीत वाहकतेचा आकडा असतो: ५, ८, १२ वॅट प्रति मीटर-केल्विन. हिशेब करून बघू. कंट्रोलर १५ × १५ मिलिमीटरचा, त्यातून ६ वॅट उष्णता येते असं धरा. १ मिलिमीटर जाडीचा, ५ वाहकतेचा पॅड असेल तर पॅडच्या दोन बाजूंत साधारण ५ अंशांचा फरक राहतो. १२ चा पॅड घेतला तर तो २ वर येतो. महागडा पॅड घेऊन पदरात पडले ३ अंश. आता तोच ५ चा पॅड १ ऐवजी २ मिलिमीटर जाडीचा लावा: फरक १० च्या पुढे. म्हणजे आकड्यापेक्षा जाडी अचूक असणं महत्त्वाचं. जितका पातळ, तितका चांगला, फक्त तो चिपला नीट टेकला पाहिजे. जाड पॅड स्क्रूने आवळून बसवायला जाल तर ड्राइव्ह मधोमध वाकते आणि चिपखालचे सांधे तडकू शकतात.

टेकलाय की नाही हे बघायची रीत सोपी आहे. बसवा, मशीन दहा मिनिटं चालवा, बंद करून हीटसिंक उचला. पॅडवर कंट्रोलरचा चौकोन उमटलेला दिसला पाहिजे. उघड्या चिपवर लावला असेल तर कधीकधी तिच्यावरची अक्षरंही उलटी उमटतात. फ्लॅश चिप्सचे ठसे खोल आणि कंट्रोलरची जागा कोरी, असं दिसलं तर कंट्रोलर बुटका आहे. त्याच्यापुरता अर्धा मिलिमीटर जास्त जाडीचा तुकडा कापून लावा.

आणि पॅडच्या दोन्ही बाजूंची पातळ फिल्म काढा. ती इतकी पारदर्शक असते की कोपरा नखाने उचलल्याशिवाय दिसतच नाही. मदरबोर्डच्या हीटसिंकखाली फिल्म तशीच ठेवून वर्षभर वापरलेली मशीन दुरुस्तीला येतात.

पॅडऐवजी प्रोसेसरची थर्मल पेस्ट लावली तर?

नको. चिप्सची उंची सारखी नसते, पेस्ट ती फट भरत नाही.

मदरबोर्डला हीटसिंक आहे, एसएसडीवरही आहे. दोन्ही ठेवू?

एकच. दोन्ही बसतच नाहीत, बसवले तर ड्राइव्ह दबते. बोर्डावर असेल तर बिनहीटसिंकची एसएसडी घ्या. पैसे वाचतात, आणि बोर्डाचा हीटसिंक सहसा मोठा असतो. कंपनीने चिकटवलेला हीटसिंक ओढून काढायच्या फंदात पडू नका, वॉरंटीवर पाणी सोडाल.

एसएसडीवरचा स्टिकर काढून पॅड लावू?

काढू नका. त्यावर सीरियल नंबर असतो आणि तो फाटला की कंपनी वॉरंटी नाकारू शकते. काही स्टिकरांत तांब्याचा पातळ थर असतो, तो उष्णता पसरवायलाच दिलेला असतो. पॅड सरळ वरून लावा.

माप कसं घ्यायचं?

ड्राइव्हवरचा २२८० आकडा म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. २२३०, २२४२, २२११० हेही तसेच वाचायचे. खरी अडचण उंचीची. वरचा स्लॉट प्रोसेसर कूलरच्या सावलीत असतो, खालचा ग्राफिक्स कार्डाखाली. कार्डाखाली १०-१२ मिलिमीटरच्या वरचा हीटसिंक नेण्याआधी पट्टी घेऊन मोजा. पर्याय असेल तर तापणारी ड्राइव्ह कार्डापासून लांबच्या स्लॉटमध्ये ठेवा. मात्र तो स्लॉट कुठल्या पिढीचा आहे ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

ड्राइव्ह उलटी करून मागेही चिप्स आहेत का बघा. असतील तर खालच्या बाजूलाही पॅड लागतो, आणि हीटसिंकला खालची पट्टी असेल तर तिच्यासाठी स्लॉटखाली जागा लागते.

लॅपटॉपसाठी काय?

बाजारातला उभा हीटसिंक आत मावणार नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये पातळ पत्रा किंवा पॅड दिलेला असतो. एसएसडी बदलताना तो जुन्या ड्राइव्हवरून काढून नवीवर लावायला विसरू नका. लॅपटॉपसाठी एकाच बाजूला चिप्स असलेली, कमी वीज खाणारी जेन ४ घ्या. जेन ५ लॅपटॉपमध्ये घालून बॅटरी संपवण्यापलीकडे फार काही साधत नाही.

पीएस ५ (प्लेस्टेशन ५) साठी कुठला चालेल?

सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून पीएस ५ मध्ये एम.२ एसएसडी टाकता येते, आणि सोनीने थंडाव्याची सोय सक्तीची केली आहे. हीटसिंकसकट एकूण माप ११० × २५ × ११.२५ मिलिमीटरच्या आत हवं. त्यातही बोर्डाच्या वर ८ आणि खाली २.४५ मिलिमीटर एवढीच मुभा. ड्राइव्ह जेन ४ हवी, सोनीची शिफारस सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त वाचनवेगाची आहे. पीसीसाठीचे उंच, पातीवाले हीटसिंक इथे बाद.

यूएसबीच्या बाहेरच्या डब्यात एसएसडी घातली आहे, हाताला चटका बसतो.

मग डबा काम करतोय. ॲल्युमिनियमचा डबा हाच हीटसिंक असतो; आतली एसएसडी तापलेली आणि डबा गार असेल तर पॅड टेकलेला नाही. १० गिगाबिटच्या डब्यात वेग सेकंदाला १,००० एमबीच्या आसपासच मिळतो, त्यामुळे साधी जेन ३ पुरते. डब्यातली यूएसबीची चिपही तापते, तिच्यावरही पॅड असू द्या. प्लास्टिकचे डबे घेऊ नका.

पावसाळ्यात हीटसिंकवर पाणी साचेल का?

चालू मशीनमध्ये नाही, कारण हीटसिंक हवेपेक्षा गरम असतो आणि दव धरतं ते थंड वस्तूवर. धोका वेगळा आहे. जुलैत बाहेर २८ अंश आणि आर्द्रता ८५-९० टक्के असते, तेव्हा २५ अंशांखालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरू शकतं. एसी २२ वर लावलेल्या खोलीतली बाहेरची ड्राइव्ह किंवा लॅपटॉप लगेच व्हरांड्यात आणून चालू केला तर आतही ओल येऊ शकते. बॅगेतच राहू द्या, अर्ध्या-पाऊण तासाने चालू करा.

आरजीबी दिव्यांचा हीटसिंक?

दिवे आवडत असतील तर घ्या. फक्त वर प्लास्टिकचं झाकण असेल तर त्याखाली धातू किती आहे ते उचलून, वजनाने बघा.

जुना हीटसिंक चिकटून बसलाय, निघत नाही.

सरळ वर खेचू नका, पॅडबरोबर चिपही उपटून येऊ शकते. मशीन दहा-पंधरा मिनिटं काम करत ठेवा म्हणजे पॅड मऊ पडतो. बंद करा, वीज काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातला स्थिर विद्युतभार घालवा. मग ड्राइव्हच्या दोन्ही कडा धरून हीटसिंक आडव्या दिशेने हळूहळू, एक-एक मिलिमीटर डावी-उजवीकडे हलवा. तरी नाही निघाला तर पॅडच्या थरातून दात घासायचा धागा करवतीसारखा ओढा. उरलेला पॅड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवा लावा. ठसे उमटलेला जुना पॅड दुसऱ्या ड्राइव्हवर नीट टेकत नाही.